वारस नाही, सबब नाव कमी

लष्करात बढती मिळायला जन्म जातो; घरात मिळायला नुसतं मरावं लागतं. आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धात हातकणंगले स्टेशनात मिरजेच्या गाडीत बसला आणि परत आला नाही. एवढ्या एका वाक्यावर आमच्या भावकीचं एकमत आहे. भावकीचं एकमत ही गोष्टच दुर्मीळ असल्यामुळे हे वाक्य आम्ही जपून ठेवलंय. त्याच्या पुढचं सगळं ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे.

घरात त्याचं नाव ‘बसऱ्याचे आबा’. गेला तेव्हा विशीतला पोरगा, लग्न नाही, मिशी धड फुटली असली तर नशीब. पण परत न आल्यामुळे तो आबा झाला. पणजीच्या तोंडी तो साधा शिपाई होता. तिचा दीर होता तो, त्याला ताटात वाढलेलं होतं तिनं, त्यामुळे जास्त चढवून सांगायचं तिला कारण नव्हतं. आजोबांनी त्याला आधी नाईक केलं आणि उसाला चांगला दर मिळाला त्या साली हवालदार. वडिलांच्या पिढीत तो जमादार झाला. चुलत्यांनी ग्रामपंचायतीला अर्ज भरला तेव्हा पत्रकात थेट ‘सुभेदारांचे वंशज’ असं छापून आलं. वंशज कसले, ज्याचं लग्नच झालं नव्हतं त्याचे! पण पत्रकाला कोण विचारतो? परवा पुतण्याने मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आबांचा फोटो तयार करून घेतला. घरात आबांचा एकही फोटो नव्हता, ही त्याला अडचण न वाटता सोय वाटली. त्या फोटोत आबा सुभेदार-मेजर आहेत, छातीवर पदकांच्या तीन रांगा आहेत आणि मागे, का कोण जाणे, पन्हाळा आहे.

आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. त्यांनी तो फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि म्हणाले, “मला सुभेदार व्हायला बावीस वर्षं लागली. तुमचा आबा दीड वर्षात मेजर? आन् ते बी मेल्यावर?”

त्यावर आमचे एक चुलते म्हणाले, “वडगावचे थोरात साहेबसुद्धा आमच्या आबांना सलाम ठोकायचे.” आता आमच्याच तालुक्यातल्या वडगावचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात म्हणजे मोठं नाव. 1953 साली कोरियाच्या युद्धानंतर तिथल्या कैद्यांची निगराणी करायला भारताचं जे दल गेलं, त्याचे ते सेनापती. पण त्यांचा जन्म 1906 चा. आबा बसऱ्याला निघाले तेव्हा साहेबांचं वय नऊ-दहा. सलाम ठोकला असेलही. त्या वयात पोरं कुणालाही ठोकतात.

आबांचं पुढे काय झालं, याबद्दल घरात तीन पक्ष होते. एका पक्षाच्या मते ते लढाईत कामी आले. दुसऱ्याच्या मते बोट बुडाली. आणि थोरल्या आत्तीच्या मते त्यांनी तिकडेच एका गोऱ्यापान बाईशी लग्न लावलं, खजुराची बाग केली आणि त्यांची नातवंडं आज तेलाच्या विहिरींवर बसून आहेत. हा पक्ष संख्येने लहान पण निष्ठेने मोठा. लढाईतून न परतलेल्या प्रत्येक माणसाला मागच्यांनी परमुलखात एक देखणी बायको करून दिलेली असते. मुलगा मेला म्हणण्यापेक्षा मुलगा बहकला म्हणणं आईबापाला सोपं जात असावं. आत्तीने हे तिच्या पणजीकडून उचललं होतं, म्हणजे आबांच्या आईकडून. त्यामुळे या पक्षाची टिंगल मी हळू आवाजात करतो.

मी शोध घ्यायचं ठरवलं ते या भांडणाचा निकाल लावायला. हाताशी पुरावा काय होता? देवघरात एक धातूची ताटली होती. पाच इंचांना थोडी कमी, जड, हळदीकुंकवाच्या थरांनी बुजलेली. तीवर उभी बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह, खांद्याच्या दोन्ही अंगांना दोन मासे. देवी कोणती यावर घरात मतभेद होते, पण देवी आहे यावर नव्हते. नवरात्रात तिला घटाशेजारी बसवायचे. लग्न झालं की नवी जोडपी तिच्या पाया पडायची.

एका दिवाळीच्या साफसफाईत ती पितांबरीने घासली, आणि हळदीच्या खालून इंग्रजी अक्षरं वर आली. कडेने गोल ओळ: हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला, अशा अर्थाची. मध्ये चौकटीत आबांचं नाव. पुढची चौकशी सुभेदारांनी केली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारने अशी कांशाची ताटली पाठवली होती. अशा 13 लाखांहून अधिक ओतल्या. आणि ती बाई म्हणजे ब्रिटानिया. इंग्रजांच्या साम्राज्याची मूर्ती. खाली अगदी बारीक दुसरा एक सिंह एका गरुडाला फाडतोय, तो गरुड म्हणजे जर्मनी.

म्हणजे शंभर वर्षं आमच्या घरात ब्रिटिश साम्राज्याचं नवरात्र बसत होतं. आजोबा 1942 साली ‘चले जाव’च्या फेरीला निघाले ते हिलाच हात जोडून. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “सिंह हाय, त्रिशूळ हाय. मग देवीच की. विलायतेला देवी नसती व्हय?” ताटली परत देवघरात गेली. फक्त आता हळदीकुंकू बाईला वाहतात, नावावर नाही, एवढी सुधारणा झाली.

या ताटलीत एक मेख आहे. मरणात सगळे सारखे, या उदात्त विचाराने सरकारने तीवर कुणाचाच हुद्दा घातला नव्हता. जनरल असो की शिपाई, नुसतं नाव. विचार फार थोर, पण त्यामुळे आमच्या घरातल्या बढत्यांना आळा घालणारा कागद उरला नाही. बापाचं नाव नाही, आडनाव नाही, पलटण नाही, नंबर नाही. आणि नाव असं की हातकणंगल्याच्या बाजारात त्या नावाने हाक मारली तर अर्धा बाजार मागे वळेल.

हुद्दा आणि नंबर असतो तो पदकाच्या कडेवर. त्या लढाईचं मुख्य पदक चांदीचं होतं, आणि त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात उमटवलेली असायची. आमच्याकडे ते आलं होतं. पणजीने पाहिलेलं होतं. पण चांदीच्या वस्तूने हुपरीपासून आठ-दहा कोसांच्या आत शंभर वर्षं शाबूत राहणं हे निसर्गनियमाविरुद्ध आहे. हुपरी आमच्याच तालुक्यात, आणि तिथे चांदी गेली की पैंजण होऊनच बाहेर पडते. थोरल्या आत्तीच्या पैंजणाला थोडी चांदी कमी पडत होती. आजोबांनी पदक दिलं. आबांचा पलटणीतला नंबर त्यानंतर कितीतरी वर्षं आत्तीच्या पायात वाजत होता आणि तीच आत्ती त्यांना खजुराच्या बागेत बसवून मोकळी झाली होती.

आता कागद. कागद म्हटला की आपल्याकडे माणूस आधी महसुलाकडे वळतो. मी एका कचेरीत जाऊन जुन्या दप्तराची चौकशी केली.

“गट नंबर?” पलीकडून प्रश्न आला.

“गट नंबर नाही. माणूस शोधतोय.”

“माणूस कुठल्या गटातला?”

मी सांगितलं की तो 1915 च्या आसपास लढाईवर गेला. समोरचे गृहस्थ भले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज उतरवून म्हणाले, “कोर्टात केस हाय का?” नाही म्हटलं. “दाखला काढायचाय?” नाही. “कर्ज?” नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. बिनकामाचा पणजोबा शोधणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. शेवटी अर्जात कारणाच्या जागी ‘वैयक्तिक’ लिहा, असा सल्ला त्यांनी दिला. वैयक्तिक म्हटलं की पुढं कोण विचारत नाही म्हणे.

त्यांचंही बरोबर होतं. 2023 साली सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून महाराष्ट्राला पणजोबांची जेवढी आठवण येते तेवढी पणजोबांच्या हयातीत कुणाला येत नव्हती. जुनी जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं, शाळेचे दाखले, कडई पत्रकं, सगळ्यांची धूळ झटकली गेली. मोडी वाचणाऱ्याला गावात डॉक्टरच्या खालोखाल मान आला. ज्यांनी आजोबांचं श्राद्ध कधी घातलं नाही ते खापरपणजोबांच्या नावातल्या काना-मात्रेवरून रात्र रात्र जागू लागले. या गर्दीत मी ज्याला शोधत होतो त्याच्याकडून कुणाला दाखला मिळणार नव्हता. ज्याला पोरबाळ नाही त्याच्या जातीची नोंद काय कामाची?

कोतवाल बुकातही तो मिळाला नाही, आणि त्यामागे शुद्ध तर्क आहे. कोतवाल नोंद करतो ती गावात मेलेल्याची. आबा गावात मेलेच नाहीत. गावाच्या दप्तरी त्यांचा मृत्यू झालेला नाही आणि हिशेबाने आज त्यांचं वय एकशेतीसच्या घरात जातं. मतदारयादीत नाव कसं आलं नाही, याचंच आश्चर्य.

सापडला तो एक फेरफार. बाप वारल्यावर जमिनीला दोन्ही भावांची नावं लागली होती, आणि लढाई संपून वर्ष व्हायच्या आत धाकट्याचं नाव गेलं होतं. मोडी वाचणाऱ्याने बोट ठेवून वाचून दाखवलं: परमुलखी गेला, खबर नाही, वारस नाही, सबब नाव कमी. माणूस सात वर्षं बेपत्ता असला की तो मेला असं धरायला 1872 चा पुरावा कायदा मुभा द्यायचा. भावकीला एवढा दम निघत नाही. नाव कमी करणारे थोरले भाऊ म्हणजे आमचे पणजोबा. ज्यांच्या नावाने आमच्या घरात दरवर्षी भंडारा होतो, ते.

हा फेरफार मी हातात घेतला आणि बातमी संध्याकाळपर्यंत आळत्यापासून रुकडीपर्यंतच्या पाहुण्यांत पोचली. रात्री जेवायच्या वेळेला एक चुलतभाऊ येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला, पाऊसपाण्याचं झालं, मग सुपारी कातरत म्हणाला, “जुनी नक्कल काढलीस म्हणं?”

“आबांची माहिती काढतोय.”

“काढ की. आबा आमचं बी हाईत.” सुपारी तोंडात टाकली. “पण मळीचं रान आमच्या आज्जानं रीतसर घेतलंय, एवढं ध्यानात असू दे.”

मळीच्या रानाचं नावही मी काढलं नव्हतं. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की त्या रानात काहीतरी आहे.

मग हेळवी आला. ज्यांना हेळवी माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: आपल्या दक्षिण महाराष्ट्रात आणि पलीकडे कर्नाटकात घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी ही मंडळी. सुगी झाली की येतात, दारात बसून तुमच्या मूळपुरुषापासून तुमच्या कालच्या पोरापर्यंत सगळी नावं घडाघडा म्हणतात, वहीत नवी नावं घालतात, धान्य आणि पैसा घेऊन पुढच्या घरी जातात. पूर्वी बैलावर बसून यायचे. आमचा आता मोटारसायकलवर येतो. त्याने वही उघडली आणि आमच्या अकरा पिढ्या अशा काही आवाजात म्हटल्या की आमच्याच घराण्याबद्दल मला दबदबा वाटायला लागला. आबांच्या नावाशी येऊन तो थांबला. “हितं फांदी थांबली,” म्हणाला, “लेक न्हाई.” आणि थोरल्या भावाकडे वळला.

मी म्हटलं, “थांब, त्या फांदीबद्दलच बोल.”

“त्यात बोलायचं काय? पुढं मानूसच न्हाई.” वंशावळीची ही मोठी अडचण. झाड उलटं वाचतात, शेंड्याकडून बुंध्याकडे. ज्या फांदीवर कुणी बसलेलं नाही तिच्याकडे नजर जात नाही. तरी बिदागी वाढवल्यावर त्याने आजूबाजूची पानं चाळली आणि एक किरकोळ गोष्ट सांगितली: या दोघा भावांची आई नरंद्याची लेक. मी ती कागदाच्या कोपऱ्यात टिपून ठेवली.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही आमचं घराणं निघालं. तिथे गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी कपाटातून बरोबर ती वही काढतात. कुणाही संगणकाने लाजावं. पणजोबा सिंहस्थाला जाऊन आले होते, त्यांचा अंगठा होता. खाली घरातल्या माणसांची नावं लिहून घेतलेली होती, त्यात जनावरं सोडून सगळे होते. धाकटा भाऊ नव्हता. गोदावरीत बुडी मारूनही पणजोबांना तो आठवला नाही, की फार आठवला म्हणून सांगितला नाही, हे अंगठ्यावरून कळत नाही.

उरलं लष्कर. इथे सुभेदारांनी सूत्रं हातात घेतली. ते म्हणाले, “नंबर, रँक, नाव. ह्या क्रमानं बोलायचं. नंबर न्हाई तर मानूस न्हाई.” नंबर आत्तीच्या पैंजणात होता आणि पैंजण मोडून आत्तीच्या नातीचा कमरपट्टा झाला होता. मग पलटण तरी कोणती? घरात कुणी एकशेदहा सांगायचं, कुणी एकशेसतरा. सुभेदारांनी समजावलं की तेव्हा मराठ्यांच्या 103, 105, 110, 114, 116, 117 अशा वेगवेगळ्या पलटणी होत्या; 1922 साली त्या एका रेजिमेंटच्या बटालियनी झाल्या आणि बेळगाव हे त्यांचं घर झालं. 103 म्हणजे आजची पहिली, जंगी पलटण. 105 म्हणजे दुसरी, ‘काळी पाचवी’.

“काळी पाचवी!” आमचे चुलते एकदम उठून बसले. “हे म्या ऐकलंय. आज्जा म्हनायचा, आबा काळ्या पाचवीत हुता.” मग थोडा विचार करून खिन्न झाले. “आमी समजत हुतो, पाचवी नापास म्हनून तसं म्हंत्यात.”

पण ताटलीवरचं नाव आणि घरातली आठवण यांच्या जोरावर पलटणीचा निकाल लागेना. पंजाबचं मला फार हेवा वाटण्यासारखं कळलं: लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या सव्वातीन लाखांच्या आसपास सैनिकांची गावनिहाय रजिस्टरं शंभर वर्षं पडून होती आणि 2021 पासून ती संगणकावर यायला लागली. गाव टाका, माणूस हजर. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रातल्या काही गावांत चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, पैकी इतके मेले. नावं नाहीत, नुसते आकडे. मी बघितलेल्या एका पाटीवर चुन्याचे इतके हात बसले होते की गेलेल्यांचा आकडा वाचता येत होता, मेलेल्यांचा नाही. वर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा कागद चिकटलेला होता, त्यावर मात्र झाडून सगळ्यांची नावं होती, फोटोंसकट.

शेवटी पुतण्या कामाला आला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणून एक संस्था आहे, 1917 साली स्थापन झालेली. दोन्ही महायुद्धांतल्या 17 लाख मृतांची नोंद तिच्याकडे आहे आणि ती घरबसल्या फुकट बघता येते. आम्ही आबांचं नाव टाकलं. पानंच्या पानं आली. सगळ्या पलटणींत त्या नावाचे शिपाई मरून पडले होते. गावाचं नाव टाकलं तर एकही नाही. कारण हातकणंगले हा शब्द साहेबाच्या जिभेला पेलला नव्हता. जुन्या इंग्रजी कागदांत तो ‘हातकलंगडा’ आहे. शिवाय तेव्हा आमचा पेटा आळत्याचा, आणि आळते म्हणजे ‘आल्टा’. पुतण्याने गाव मोडून तोडून, उलटंसुलटं करून टाकायला सुरुवात केली. लहानपणी तो बोबडा होता, त्याचा असा उपयोग होईल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

आणि दोन जण निघाले. दोघेही 110 व्या मराठा पलटणीचे. दोघांचं नाव आबांचंच. एकाचं गाव बरोबर, बापाचं नाव भलतंच. दुसऱ्याच्या बापाचं नाव बरोबर, गाव नरंदे. दोघांची मरणाची साल 1916. दोघांचा हुद्दा: शिपाई.

1916 आणि 110 वी पलटण म्हटल्यावर सुभेदार गप्प झाले. मग त्यांनीच सांगितलं. जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन बगदाद घ्यायला निघाली, अर्ध्यातून मागे फिरली आणि टायग्रिसच्या काठावर कुत अल अमारा नावाच्या गावात अडकली. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तुर्कांचा वेढा. दाणा संपला. घोडे कापले. घोड्याचं मांस खायचं की नाही यावरून हिंदी शिपायांची धर्मसंकटं झाली, हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवावी लागली. विमानातून पिठाची पोती टाकली, त्यांतली काही नदीत पडली, काही तुर्कांना मिळाली. शेवटी 13 हजारांच्या आसपास माणसं शरण गेली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात ठेवलं. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यातले हजारो वाटेतच गेले. आमच्या दोघांच्या तारखा कुत पडल्यानंतरच्या उन्हाळ्यातल्या होत्या. थोरली आत्ती असती तर मी तिला एवढंच सांगितलं असतं की खजुराची झाडं होती.

दोघांची स्मृती बसरा स्मारकावर, असं नोंदीत होतं. हे ऐकून चुलत्यांना पुन्हा जोर आला. “मग तितं नाव कोरलं आसंल!” नव्हतं. मेसोपोटेमियात मेलेल्या ज्यांची कबर-चिता काही नाही अशा 40 हजारांहून अधिक लोकांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावं भिंतीवर कोरली. हिंदी लोकांपैकी अधिकाऱ्यांची कोरली, आणि खाली लिहिलं: आणि इतर इतके हिंदी शिपाई. शिपायांची नावं फक्त रजिस्टरात. 2021 साली आयोगाच्या स्वतःच्याच समितीने हा भेदभाव कबूल केला. पन्नास हजारांच्या आसपास माणसांना असं कमी मोजलं गेलं आणि किमान 1 लाख 16 हजारांचं नाव कुठेच लागलं नाही, असं अहवालात आलं. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. स्मारकाचं म्हणाल तर सद्दाम हुसेनने 1997 मध्ये ते मूळ जागेवरून उचलून बत्तीस किलोमीटर लांब वाळवंटात नेऊन ठेवलं. आबांना मेल्यावरही बदली चुकली नाही.

म्हणजे बघा. जमादार-सुभेदार असता तर दगडावर नाव. शिपाई असल्यामुळे आकड्यात. आजोबा-चुलत्यांनी शंभर वर्षं रेटून ज्या बढत्या दिल्या त्या मला तोवर बढाई वाटत होत्या. ती बढाई नव्हती, ते अपील होतं. फक्त वेळेत दाखल झालं नाही.

आता दोघांतले आपले आबा कुठले, हे ठरवायला रविवारी भावकी जमली. मटणाचा बेत असल्यामुळे हजेरी चांगली होती. एक गट गावाच्या बाजूने, एक बापाच्या. गाववाल्यांचं म्हणणं, सायबानं बापाचं नाव चुकवलं असंल. बापवाल्यांचं म्हणणं, बापाचं नाव पोरगं चुकत नाही, गाव सायेब चुकवील. तांबडा रस्सा दुसऱ्यांदा फिरला तरी तोड निघेना. हात वर करून मतं घ्यावीत अशी सूचना आली. आबा कोण हे बहुमताने ठरण्यापर्यंत मजल गेली. तेवढ्यात मला कोपऱ्यात टिपलेलं नरंदे आठवलं. नरंदे हे आबांचं आजोळ! घरातून पळून जाऊन भरती होणारा पोरगा घरचा पत्ता देईल कशाला? भरतीवाले घरी विचारायला गेले तर थोरला भाऊ ओढून आणणार. त्याने मामाचं गाव सांगितलं.

बायकांनी हे ताबडतोब मान्य केलं. “बरोबर हाय,” आई म्हणाली, “पोरगं रुसलं की आजोळालाच जातंय.” पुरुषांना तीन वर्षं कागदांतून जे सुटलं नाही ते असं मोरीवर हात धुता धुता सुटलं.

“आन् मग दुसरा कोन?” सुभेदारांनी विचारलं. “एका मानसाला दोन बाप नसत्यात. म्हंजे मानसं दोन.”

दुसरा म्हणजे हातकणंगल्याचाच. त्याच पलटणीतला, त्याच उन्हाळ्यात गेलेला, आमच्या आबांचा नावबंधू. कदाचित एकाच डब्यात बसून मिरजेपर्यंत गेलेले. बापाच्या नावावरून घर निघालं. आमच्यापासून पाच मिनिटांवर. पुतण्याने नोंदीचा कागद छापला आणि मी तो घेऊन गेलो.

घरातले म्हातारे ओट्यावर होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कागद घेतला, चष्मा पुसला, कागद बघितला, मला बघितलं.

“आमच्यात असला कोन गेल्याला न्हाई.”

मी बापाचं नाव दाखवलं.

“ते नाव हाय. ते आमचंच.” मग बराच वेळ थांबून: “पण आमची वाटनी 62 सालीच झालीया. समद्यांच्या सह्या हाईत.” आत वळून हाक मारली, “आरं, ती फाईल आण.” फाईल आली. तिच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ आला. मी जमिनीसाठी आलो नाही, मी तुमच्या नात्यातला नाही, मला काही नको, असं मी जितक्यांदा सांगितलं तितकी फाईल जास्त घट्ट धरली गेली. तुमचा वकील कोण, असंही एकदा विचारून झालं.

तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या सुनेने विचारलं, “लढाईत गेल्याला म्हंजे पेन्शन आसंल की वो त्यास्नी?”

मी म्हटलं, त्या काळी असेलही काही. आता कुठली?

“न्हाई, पन कुनी उचललीच न्हाई न्हवं? शंभर वरसांची?”

ओट्यावर शांतता झाली. म्हाताऱ्यांनी कागद पुन्हा हातात घेतला आणि या वेळी नीट, बोट फिरवत वाचला. “व्हय,” ते म्हणाले, “आमच्या आज्जाचा सख्खा भाऊ ह्यो. आज्जी लई आठवन काढायची.”

“तुमच्या आज्जाचा कसा?” धाकट्या भावाने फाईल खाली ठेवली. “62 च्या वाटनीत जुनी खोली माझ्याकडं आली. पलटनीचा मानूस जुन्या खोलीत ऱ्हायाचा. म्हंजे त्यो माझ्या वाटनीचा.”

सुनेने मला चहा दिला. मी तो संपवून चपला घालेपर्यंत थोरल्याचा मुलगाही बाहेर आला होता, आणि आतून कुणीतरी ओरडून सांगत होतं की आधी गट नंबर बघा.